प्लास्टिक मॉडेलवरचा जुना रंग आणि क्रोम कसा काढावा

जोडून रंगवलेल्या प्लास्टिक मॉडेलचा रंग उतरवण्याची वेळ बहुधा दोन कारणांनी येते. एक तर जाड थापलेल्या रंगाने विमानाच्या पत्र्यांच्या रेषा आणि रिव्हेटचे ठिपके बुजून गेलेले असतात, किंवा मॉडेलची ओळखच बदलायची असते. दुसऱ्या कारणाचे गोव्यातले ठळक उदाहरण म्हणजे सी हॅरियर. भारतीय नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या ‘व्हाइट टायगर्स’ स्क्वाड्रनची ही विमाने १९८३ पासून २०१६ पर्यंत दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर होती. जुने जोडलेले सी हॅरियर मात्र बहुतेक वेळा ब्रिटिश नौदलाच्या रंगात हाती येते आणि त्यावर भारतीय रंगाचा आणखी एक थर दिला, की आधीच बुजलेले बारकावे पुरते नाहीसे होतात. जुना थर पातळ आणि एकसारखा असेल, तर तो बारीक पॉलिश पेपरने हलका घासून त्यावरच प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, द्यावा; नसता खटाटोप करू नये. तसे नसेल, तर पुढे दिलेल्या क्रमाने काम करावे.

सुरुवातीला प्लास्टिक समजून घेणे आवश्यक आहे. बहुतेक किटचे, म्हणजे मॉडेल जोडण्याच्या सुट्या भागांच्या संचाचे, भाग पॉलिस्टायरिन या प्लास्टिकचे असतात, आणि मॉडेल जोडण्याचे सिमेंट हे प्लास्टिक किंचित विरघळवूनच दोन भाग एकजीव करते. म्हणून एनसी थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर आणि पेट्रोल यांपैकी काहीही मॉडेलजवळ आणू नये, कारण हे द्रव रंगाबरोबर प्लास्टिकही खातात. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे तयार ‘पेंट रिमूव्हर’ लाकूड आणि लोखंडासाठी केलेले असते. तेही येथे चालत नाही. आपल्याला असा द्रव हवा, जो रंगाची पकड सोडवेल आणि पॉलिस्टायरिनला हात लावणार नाही. असे तीन द्रव गोव्यात सहज मिळतात: आयसोप्रोपिल अल्कोहोल, कॉस्टिक सोड्याचे पाणी आणि गाडीचे ब्रेक ऑइल. क्रोमसाठी चौथे लागते, ते म्हणजे कपड्यांचे द्रवरूप ब्लीच.

कोणता रंग आहे हे ठाऊक नसेल, तर मॉडेलच्या पोटाखाली, सहसा न दिसणाऱ्या जागी, अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा अर्धा मिनिट घासून पाहावा. बोळ्यावर रंग उतरला तर तो बहुधा ॲक्रिलिक (सहसा पाण्यात मिसळणारा रंग) असतो आणि अल्कोहोलने काम भागते. काहीच उतरले नाही, तर तो पक्का वाळलेला इनॅमल (तेलावर आधारलेला रंग) समजावा. त्याच वेळी किटच्या साच्याच्या चौकटीचा, म्हणजे स्प्रूचा, एखादा तुकडा निवडलेल्या द्रवात काही तास बुडवून ठेवावा आणि नंतर वाकवून पाहावा. तो चिकट झाला, पांढुरका पडला किंवा कट्कन तुटला, तर तो द्रव बाद करावा. रेझिनच्या सुट्या भागांची आणि मऊ टायरांची अशीच वेगळी चाचणी घ्यावी.

काम सुरू करण्यापूर्वी सुटे होण्यासारखे भाग सुटे करावेत. कॉकपिटची पारदर्शक काच द्रवात बुडवू नये. पारदर्शक पॉलिस्टायरिन ठिसूळ असते आणि ताण असलेल्या जागी त्यात केसासारख्या बारीक चिरा पडतात. तिच्यावरचा रंग बोळ्याने, थोडा थोडा पुसूनच काढावा. जागा शक्यतो बाल्कांव (घरासमोरचा उघडा ओटा) किंवा वाऱ्याचा पडवीचा कोपरा असावा. पाऊस आहे म्हणून खिडक्या लावून स्वयंपाकघरात हे काम करू नये. अल्कोहोल चटकन पेट घेते, म्हणून समई, गॅस आणि संध्याकाळी लावलेली डासांची अगरबत्ती या तिन्ही गोष्टी दूर असाव्यात. रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. कॉस्टिक सोड्याच्या बाबतीत तर त्यात सवलतच नाही.

ॲक्रिलिक रंगासाठी झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ९० टक्क्यांहून अधिक शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे आणि भाग त्यात पूर्ण बुडवावा. सर्जिकल सामान विकणाऱ्या दुकानांत ते मिळते. पावसाळ्यात डबा उघडा ठेवला तर अल्कोहोल हवेतले पाणी ओढून घेते आणि त्याचा जोर कमी होतो, त्यामुळे झाकण घट्ट लावावे. सुमारे २० मिनिटांनी पाहिले, की रंगाला सुरकुत्या पडलेल्या दिसतात. मग जुन्या मऊ टूथब्रशने, डब्यातच, गोल फिरवत घासावे. उरलेल्या रंगासाठी तोच क्रम पुन्हा करावा, पण भाग रात्रभर बुडवून ठेवू नये. घरच्या फेणीने हे काम होईल का, असे विचारणारे भेटतात. साधारण ४० टक्क्यांच्या आसपासचे अल्कोहोल वाळलेल्या रंगाचे फारसे काही बिघडवत नाही, तेव्हा फेणी आपल्या नेहमीच्या जागी ठेवावी.

रेषांत अडकलेला रंग काढण्यासाठी सुई किंवा कटरचे टोक वापरू नये. प्लास्टिकवर पडलेला ओरखडा नव्या रंगाखाली अधिकच उठून दिसतो. माडाच्या झावळीचा हीर हे यासाठी उत्तम साधन आहे. हीर तिरका कापून टोक चपटे केले, म्हणजे ते रेषेत नेमके बसते, रंगाची बारीक दोरी उचलून बाहेर काढते आणि पॉलिस्टायरिनपेक्षा मऊ असल्याने खूण ठेवत नाही. टोक भिजून पिंजले, की पुन्हा थोडे कापावे.

इनॅमलसाठी कॉस्टिक सोडा वापरावा. अर्धा लिटर थंड पाण्यात सुमारे २५ ग्रॅम सोडा पुरतो. सोडा पाण्यात थोडा थोडा टाकावा. पाणी सोड्यावर कधीही ओतू नये, कारण द्रावण एकदम तापून अंगावर उसळते. ॲल्युमिनियमचे भांडे किंवा चमचा वापरू नये, कारण कॉस्टिक ते धातू खाते. द्रावण पूर्ण थंड झाल्यावरच भाग बुडवावेत आणि काम लवकर व्हावे म्हणून ते तापवू नये, कारण पंखासारखे पातळ भाग उष्णतेने वाकतात. जुना इनॅमल एका दिवसात साली सुटल्यासारखा निघतो. हट्टी रंगाला अधिक वेळ लागतो. कातडीवर थेंब उडाला तर ती जागा वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटे धरावी. डोळ्यात गेल्यास तितकाच वेळ पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. त्यावर व्हिनेगर किंवा लिंबू लावण्याच्या भानगडीत पडू नये.

ब्रेक ऑइलचा उपाय जुना आहे आणि चालतोही. डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेली बाटली घ्यावी. डॉट ५ सिलिकॉनचे असते आणि त्याचा रंगावर परिणाम होत नाही. तरीही हा मार्ग शेवटचा मानावा, असे माझे मत आहे. ते तेलकट असल्याने कोपऱ्यांतून धुऊन काढणे जिकिरीचे होते, आणि एक थेंब स्कूटरवर सांडला तर तिचाही रंग जातो.

क्रोमचे तंत्र निराळे आहे. गाड्यांच्या किटमधील चकचकीत बंपर आणि चाकांवर खरे क्रोमियम नसते. प्लास्टिकवर आधी लॅकरचा, म्हणजे वार्निशसारखा, गुळगुळीत थर देतात, निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ त्यावर बसवतात आणि बहुधा वरून पारदर्शक थर देतात. धातूचा पडदा एका मायक्रॉनहूनही कितीतरी पातळ असतो. असा भाग सिमेंटने नीट चिकटत नाही, कारण सिमेंट प्लास्टिकपर्यंत पोहोचतच नाही. शिवाय स्प्रूपासून कापलेली जागा उघडी दिसते आणि साच्याची रेघ घासताच चमक जाते. यामुळे नीटनेटके काम हवे असेल, तर क्रोम काढून पुन्हा देणेच सोयीचे पडते.

भाग स्प्रूवरच राहू द्यावेत, म्हणजे आरसे आणि हँडलसारखे बारीक तुकडे हरवत नाहीत. प्लास्टिकच्या डब्यात ते बुडतील इतके ब्लीच ओतावे. बाटली ताजी असली, तर काही मिनिटांतच कडांवरची चमक काळपट होते, मग तिला छिद्रे पडतात आणि बघता बघता खालचे प्लास्टिक उघडे होते. उन्हाळाभर मोरीत राहिलेले ब्लीच निर्जीव झालेले असते. त्यात भाग तासन्‌तास ठेवण्यापेक्षा नवी बाटली आणावी.

धातू गेला म्हणजे काम संपले असे नाही. खालचे लॅकर अजून भागावर असते. उजेडात तिरके धरले, तर खाचांत साचलेली पिवळसर चमक दिसते आणि नख ओढल्यास ती जागा प्लास्टिकपेक्षा निसरडी लागते. हा थर ठेवला तर सिमेंटची अडचण तशीच राहते. तो अल्कोहोलमध्ये किंवा कॉस्टिकमध्ये बुडवून काढता येतो, परंतु त्याआधी भाग भरपूर पाण्याने धुऊन ब्लीचचा वास पूर्ण घालवावा. ब्लीच अल्कोहोलमध्ये मिसळू नये. संडास साफ करण्याच्या ॲसिडशी तर त्याचा संबंधही येऊ देऊ नये, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो; दोन्ही बाटल्या मोरीच्या एकाच फळीवर असणे ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे, म्हणून हे विशेष सांगावे लागते.

रंग किंवा क्रोम निघाल्यावर भाग कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे थेंब टाकून धुवावेत. धुताना सिंकच्या भोकावर चहाची प्लास्टिक गाळणी ठेवावी. बोटाला बुळबुळीत लागत असेल, तर कॉस्टिक अजून उरले आहे असे समजून पुन्हा धुवावे. जुने स्टिकर निघून जातात आणि फटी भरण्याची पुट्टी काही वेळा सैल होते. सिमेंटने जोडलेले सांधे मात्र सहसा टिकतात. पावसाळ्यात खाचांतले पाणी वाळायला वेळ लागतो, म्हणून भाग रात्रभर पंख्याखाली ठेवून नंतर सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद करावेत आणि त्यानंतरच प्रायमर द्यावा.

वापरलेले अल्कोहोल फेकू नये. बाटलीत स्थिर ठेवले की रंगाचा गाळ तळाशी बसतो आणि वरचा द्रव कापडातून गाळून पुढच्या वेळी चालतो. ब्रेक ऑइल आणि रंगाचा गाळ परसात, विहिरीजवळ किंवा सोकपिटमध्ये ओतू नये; तो वेगळ्या झाकणाच्या बाटलीत साठवून, वर नाव लिहून, पंचायत किंवा पालिकेच्या कचरा नेणाऱ्यांना घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा.