सोयाबीन उपटू नका, उकरून काढा

बी.एड.च्या इंटर्नशिपला बेळगाव जिल्ह्यातल्या, म्हणजे कर्नाटकातल्या, निपाणीकडची मराठी शाळा मिळाली तेव्हा मी निर्धास्त होते. मी खानापूर तालुक्यातली, भाताच्या गावची. तरवा (भाताची रोपं) टाकणं, चिखल, लावणी, भांगलण, सगळं हाताखालून गेलेलं. आठवीच्या विज्ञानातल्या पिकांच्या धड्याची मला काय भीती? तुमच्यापैकी जे शेतकऱ्याच्या घरातून बी.एड.ला आलेत त्यांनी पुढचं नीट वाचा. जास्त धोका तुम्हालाच आहे.

जिल्हा एकच, पण आमच्याकडे तांबडी माती, धो धो पाऊस आणि भात. निपाणीकडे काळी जमीन, ऊस, तंबाखू, सोयाबीन. सोयाबीनच्या रानात मी कधी उभीसुद्धा राहिले नव्हते, आणि हे मला स्वतःला जाणवलंही नव्हतं.

ऑगस्टचा पहिला आठवडा. पाठ होता सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींचा, ज्यांतले जिवाणू हवेतलं नत्र (नायट्रोजन) झाडाला मिळवून देतात, आणि त्याच दिवशी कॉलेजातून निरीक्षण. सकाळी शाळेमागच्या रानातून, मालकाला विचारून, सोयाबीनची चार झाडं उपटून आणली. वर्गात दाखवायला घेतली तर मुळं साफ. एका मुलानं विचारलं, "टीचर, गाठी कुठं हाईत?" मागच्या बाकावर निरीक्षक वही उघडून बसलेले. मी म्हणाले, "या रानात युरिया जास्त पडलाय, म्हणून गाठी धरल्या नाहीत."

शेरा मिळाला, 'प्रसंगावधान उत्तम'. तो शेरा मला अजून बोचतो.

ते रान वर्गातल्याच एका मुलाच्या घरचं होतं. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील बादली घेऊन दारात. आवाज चढवला नाही त्यांनी. "बाई, औंदा युरियाचं एक पोतंबी टाकलेलं न्हाई. गाठी हाईत. तुमी उपटलासा, त्या मातीत ऱ्हायल्या." बादलीत ढेकळासकट काढलेलं झाड होतं. त्यांनी ते पाण्यात हलवलं आणि मुळांवर मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या गाठीच गाठी दिसल्या.

इथं थांबून सविस्तर सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. भाताचा तरवा पाण्यात उभा असतो, उपटला की मुळं अख्खी हातात येतात. माझ्या हाताला तीच सवय. सोयाबीनच्या गाठी मुळाला नुसत्या चिकटलेल्या असतात. काळी माती जरा आवळली की झाड ओढताना त्या निखळून मातीत राहतात, बारीक मुळंही तुटतात. म्हणून खुरप्यानं किंवा कुदळीनं झाडाभोवती वीतभर जागा सोडून वीतभर खोल उकरा. ढेकूळ तसंच बादलीत अर्धा तास भिजू द्या. मुळं चोळू नका, पाण्यात हलवा. खाली चाळणी धरा, म्हणजे सुटलेल्या गाठीही सापडतील. पेरणीनंतर ३५ ते ४५ दिवसांचं झाड घ्या. जूनमध्ये धडा पुस्तकात पहिला आला म्हणून त्याच वेळी दाखवायला जाऊ नका, काही दिसणार नाही. गाठ ब्लेडनं कापा. आत गुलाबी असेल तर नत्राचं काम चालू आहे, पांढरी असेल तर अजून सुरू व्हायचंय, हिरवट किंवा तपकिरी असेल तर संपलंय.

आणि युरियाचं म्हणाल, तर पुस्तकातलं ते वाक्य खरंच आहे. नत्र जास्त मिळालं की झाड गाठी कमी धरतं. म्हणूनच ते माझ्या तोंडून इतकं सहज निघालं. पण मी ते न बघता एका माणसाच्या रानावर चिकटवलं. शहरातल्या वर्गात असं बोलणं भिंतीत विरतं, इथं ते संध्याकाळपर्यंत चुलीपाशी पोचतं. "माहीत नाही, उद्या बघून सांगते" एवढं म्हणा. वर्ग हसत नाही. मी दुसऱ्या दिवशी वर्गासमोर काल चुकले म्हणून सांगितलं, त्यानंतर मुलं उलट जास्त विचारायला लागली.

सीनियरांच्या पाठ टाचणांच्या वह्या उतरवू नका. त्यातल्या चुकाही तशाच उतरतात. एकदम दहा टाचणांवर सही करणाऱ्या मार्गदर्शकाबद्दल कृतज्ञता वाटते, मलाही वाटली होती, पण त्यांच्याकडून मी काही शिकले नाही. शिकले ते शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींकडून, ज्या पहाटे स्वतःच्या पाऊण एकरात राबून यायच्या. बियाण्याला गाठी धरवणारं जिवाणू खत गुळाच्या पाण्यात कालवून हलक्या हातानं लावायचं, कारण सोयाबीनची साल पातळ, हे त्यांनीच दाखवलं.

हेक्टरात बोलू नका, मुलं गुंठ्यात विचार करतात. ४० गुंठ्यांचा एकर. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे पावणेएकवीस किलोच्या आसपास, हे गणित त्यांना फार आवडतं. रयत संपर्क केंद्रातला, म्हणजे सरकारच्या शेती खात्याच्या गावाकडच्या कचेरीतला, कागद कन्नडमध्ये असतो, तेव्हा मण्णु म्हणजे माती, गोब्बर म्हणजे खत, बेळे म्हणजे पीक, एवढं तरी यायला हवं. नाही आलं तर वर्गातलंच एखादं पोर वाचून देतं. घाबरू नका.

गणपतीच्या सुट्टीत घरी गेले. आमच्या भाताच्या बांधावर तूर असते. खुरपं घेऊन एक झाड उकरलं, बादलीत धुतलं. गाठी होत्या, आत गुलाबी. आई बघत होती. म्हणाली, "इतकी वर्षं हे तू बघितलं नव्हतंस?"

नव्हतं बघितलं.