कॅम्परव्हॅननं मधुचंद्र: नागपूरहून लोणार, भंडारदरा आणि कोकण किनारा कसा करावा

गाडीतच झोपायचं, गाडीतच चहा करायचा, मन रमेल तिथे एक दिवस जास्त राहायचं. या कल्पनेनं नवी जोडपी हरखून जातात. मग नकाशा उघडतात आणि बारा दिवसांत महाबळेश्वर, गोवा, हंपी सगळं कोंबून बसवतात. कॅम्परव्हॅन घ्यायची असेल तर आधी तो नकाशा पुसा. ठिकाणं चारच ठेवा, प्रत्येक ठिकाणी निदान दोन रात्री काढा, आणि गाडी एक दिवसाआड हलवा. रोज तीनशे किलोमीटर गाडी हाकणाऱ्या जोडप्याला एकमेकांशी बोलायलाही त्राण उरत नाही. बाकीची तयारी या एका गोष्टीला धरून होते.

नागपूरकरांना आता हे सोपं झालंय. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. नागपूरबाहेरच्या शिवमडक्याहून गाडी वर चढवली की वाटेत लोणारचं सरोवर, पुढे सह्याद्रीतला भंडारदरा आणि मग समुद्र असं एका दिशेनं जाता येतं.

आधी दिवस ठरवा

आपल्याकडे तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हाच या प्रवासाचाही चांगला काळ. मे महिन्यात विदर्भात पत्र्याच्या गाडीत दुपार काढणं अशक्य, आणि पावसाळ्यात घाटात दरडी, समुद्राला उधाण. लग्न उन्हाळ्यात झालं असेल तर मी म्हणेन, सहल सरळ दिवाळीनंतर ठेवा. मधुचंद्र लगेचच झाला पाहिजे असं कुठे लिहिलंय?

मांडव परतणी, सत्यनारायण, कुलदेवतेचं दर्शन हे सगळं आटोपू द्या आणि त्यानंतर दोन दिवस नुसती झोप काढा. लग्नघरातला थकवा घेऊन स्टिअरिंगवर बसू नका.

गाडी निवडताना

सर्वांत आधी नंबर प्लेट पाहा. स्वतः चालवायला भाड्यानं मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे चालकासह मिळणारी गाडी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. ती भाड्यानं देणं नियमात बसत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. गाडीचं एकूण मान्य वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर आपल्या नेहमीच्या हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर ती चालवता येते. आरसी बुकात हा आकडा असतो, तो स्वतः वाचा.

चालकासह गाडी घेणार असाल तर एक प्रश्न संकोच न करता विचारा: चालक रात्री झोपणार कुठे? हनिमूनच्या गाडीत याचं उत्तर बुकिंगआधीच हवं. त्याच्यासाठी मुक्कामी वेगळी खोली घ्या, त्याचं जेवण धरा, आणि हा खर्च सुरुवातीलाच हिशेबात लिहा. तो माणूस दिवसभर तुमचा जीव सांभाळतो, त्याला पुढच्या सीटवर वाकून झोपायला लावू नये.

गाडी पुण्या-मुंबईहून येणार असेल तर रिकाम्या येण्या-जाण्याचे पैसे कोणाच्या माथी, हेही लिहून घ्या. आणि आतला पलंग कायमचा अंथरलेला असावा. रोज रात्री सोफा उलगडून गादी करायची आणि सकाळी पुन्हा घडी घालायची, याचा तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो.

पाणी, वीज, संडास

इथे लाजून चालत नाही. दोघांनी बसून एकदा नीट बोलून घ्या.

पाणी: काटकसरीनं वापरलं तर माणशी वीस लिटर रोजचं धरा. म्हणजे शंभर लिटरची टाकी दोघांना अडीच दिवस पुरते. टाकी काठोकाठ भरून घाट चढू नका, कारण शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. घाटाआधी निम्मी ठेवा, मुक्कामी पोचल्यावर भरा. पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये.

वीज: गाडीतल्या वेगळ्या बॅटरीवर दिवे, पंखा, मोबाइल आणि छोटा फ्रिज चालतो. एसी चालत नाही, कुणी कितीही सांगो. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १,२०० वॅट-अवर. एसी हजार-बाराशे वॅट ओढतो, म्हणजे तासाभरात बॅटरी झोपली. एसी हवा असेल तर रात्री भिंतीतल्या १६ अँपिअरच्या प्लगला जोडावं लागेल. त्यासाठी जाड तारेचं पंचवीस-तीस मीटरचं एक्स्टेन्शन सोबत ठेवा.

संडास: छोट्या गाड्यांत खालून ओढून काढायची पेटी असते, साधारण वीस लिटरची. दोघांच्या वापरात दोन-तीन दिवसांत भरते. ती फक्त संडासातच रिकामी करायची, मुक्कामाच्या मालकाला विचारून. नाल्यात, शेतात, तळ्याकाठी कधीही नाही. भंडारदऱ्याच्या धरणातलं पाणी प्रवरेतून खालच्या गावांना जातं. आपण ज्या पाण्याकडे बघत चहा पितो, तेच पुढे कुणाच्या तरी हंड्यात पडतं. साबणाच्या पाण्यालाही हाच नियम.

गॅस: पाच किलोचा सिलिंडर पुरतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून गाडीच्या तळाशी हवा जायला झरोका आहे का ते बघा. झोपताना रेग्युलेटर बंद. आणि कितीही थंडी वाजली तरी कोळशाची शेगडी आत पेटवायची नाही. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच घात होतो. भंडारदऱ्यात जानेवारीत रात्री हुडहुडी भरते, तेव्हा दोन जाड रजया घ्या आणि पायात मोजे घाला.

रामटेकला रंगीत तालीम

निघण्याआधी एक रात्र जवळच काढा. रामटेकजवळचा खिंडसी तलाव नागपूरहून पन्नासेक किलोमीटरवर आहे. तिथल्या एखाद्या रिसॉर्टच्या आवारात परवानगीनं गाडी लावा, स्वयंपाक करा, झोपा, सकाळी टाकी आणि पेटी रिकामी करा. कोणता नळ गळतो, कुठल्या कपाटाचं दार वळणावर उघडतं, पलंगावर उंच माणसाचे पाय मावतात का, हे घरापासून तासाभराच्या अंतरावर कळलेलं बरं. याच दिवशी दोघांनीही गाडी चालवून बघा. नवरीला चालवता येत असेल तर तिचाही हात या लांब गाडीवर बसू द्या. रिव्हर्स घेणं, मागचा लोंबता भाग वळणात कुठे जातो याचा अंदाज, हे मोकळ्या मैदानात शिकावं.

गाडीची उंची मोजून कागदावर लिहा आणि डॅशबोर्डवर चिकटवा. गावातल्या विजेच्या तारा, वडाच्या फांद्या, रेल्वे फाटकाजवळचा आडवा लोखंडी दांडा: तिथे पोचल्यावर कुणालाच आकडा आठवत नाही.

सामान

सूटकेस नको, मऊ पिशव्या घ्या, त्या पलंगाखाली सरकतात. लग्नातले दागिने घरी, लॉकरात. शिदोरीत भाजलेलं बेसन, मुगवड्या, शेंगदाण्याची चटणी, तांदूळ-डाळ, थोडा सावजी मसाला आणि संत्र्यांची पेटी. आईनं आणि सासूबाईंनी दिलेले लाडू-चिवड्याचे डबे मात्र सगळे नेता येणार नाहीत. तेवढं त्यांना गोडीनं सांगावं लागेल.

रस्ता आणि मुक्काम

पहिला टप्पा लोणार. समृद्धीवर छोट्या गाड्यांना ताशी १२० ची मर्यादा असली तरी कॅम्परव्हॅन ऐंशीवर ठेवा. उंच गाडीला बाजूचा वारा ढकलतो. टायर थंड असताना हवा तपासून, टाकी भरून निघा. सरळ रस्त्यावर डोळे जड होतात, म्हणून दर दीड तासानं ठरलेल्या थांब्यावर उतरा आणि पाय मोकळे करा. झोप आली म्हणून कडेच्या पट्टीवर गाडी लावणं सर्वांत धोक्याचं. मेहकरला खाली उतरलं की लोणार जवळ आहे.

उल्कापातानं बेसॉल्ट खडकात झालेलं हे विवर साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं आहे. पाणी खारं आणि अल्कधर्मी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं होतं, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. विवर अभयारण्यात येतं, तेव्हा आत मुक्काम नाही. गाडी गावात, पर्यटक निवासाच्या आवारात विचारून लावा. सकाळी ऊन चढायच्या आत खाली उतरा, कमळजा देवीच्या देवळापर्यंत चालत जा. दैत्यसुदन मंदिरासाठी वेगळा तास राखा. बरेच जण विवराच्या काठावरून फोटो काढून निघून जातात, तुम्ही तसं करू नका.

पुढचा दिवस पूर्ण प्रवासाचा. इगतपुरीपर्यंत समृद्धीनं, तिथून घोटी आणि बारी गावावरून शेंडीला, म्हणजे भंडारदऱ्याला. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, आणि उतरताना खालचा गिअर. नुसता ब्रेक दाबत उतरलं तर ब्रेक तापून सुटतात. अंधार पडायच्या आत पोचा. हा नियम सगळ्याच टप्प्यांना लावा.

शेंडीत घरगुती मुक्काम बरेच आहेत. फोन करताना खोली मागू नका. अंगण, एक प्लग, एक नळ आणि संडास मागा, आणि त्याचे रास्त पैसे ठरवा. जेवण त्यांच्याकडेच घ्या: नाचणीची भाकरी आणि पिठलं. इथे तीन रात्री राहा. विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं, त्याचा हा जलाशय. धबधब्यांचे पावसाळी फोटो पाहून जानेवारीत तेच बघायला जाऊ नका, त्यांना तेव्हा फारसं पाणी नसतं. त्याऐवजी पहाटे पाण्यावरचं धुकं, रतनवाडीचं कोरीव अमृतेश्वर मंदिर, आणि पाय साथ देत असतील तर बारीतून कळसूबाई. १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. मोठी गाडी रतनवाडीच्या अरुंद रस्त्यावर नेण्यापेक्षा स्थानिक जीप करा. वाटेत वनखात्याच्या नाक्यावर प्रवेश शुल्क लागतं.

मग समुद्र. पहाटे निघून इगतपुरीच्या पुढचा साधारण आठ किलोमीटरचा बोगदा पार करा आणि भिवंडी-पनवेलची गर्दी सकाळी लवकरच मागे टाका. पुढे पेण, माणगाव, म्हसळा करत दिवेआगर. दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा किनाऱ्याचा रस्ता या सगळ्या प्रवासातला मला सर्वांत प्रिय, तो दुपारी चारनंतर, सावकाश करा. कोकणातल्या वाड्यांचे रस्ते चिऱ्याच्या गडग्यांमध्ये अडकलेले असतात. फाटक किती रुंद, गाडी वळवायला जागा आहे का, हे आधी फोनवर विचारा. शक्य असेल तर व्हिडिओ मागवा.

वाळूवर गाडी नेऊ नका. चाकं रुततात, भरती येते, आणि खारं पाणी पत्रा खातं.

हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला गाड्या नेणारी फेरीबोट मिळते. तिकडे लवकर जा, लांब गाडीला जागा लागते. ओहोटीला उतार तीव्र होतो आणि गाडीचा मागचा भाग घासतो, म्हणून चढवताना एकानं खाली उतरून मागून बघावं. बोटीवर हँडब्रेक आणि पहिला गिअर. पलीकडे वेळास. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास इथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. ते बघायला जाल तर किनाऱ्यावर टॉर्च, हेडलाइट, फ्लॅश काहीही नको, पिल्लांची दिशा चुकते. शेवटचा मोठा मुक्काम आंजर्ल्याला करा, आणि एका संध्याकाळी हर्णैचा मासळी लिलाव बघून ताजी मासळी गाडीतल्या गॅसवर करा. खिडक्या मात्र सगळ्या उघड्या ठेवा.

परतीची वाट

परत येताना एका दमात नागपूर गाठायचा मोह आवरा. माणगावहून ताम्हिणी घाट दिवसाउजेडी चढा, मुळशीच्या तलावाजवळ एक रात्र, मग पुणे, अहिल्यानगर करत छत्रपती संभाजीनगरला एक रात्र, आणि तिथून समृद्धीनं घर.

घरच्यांसाठी आणि एकमेकांसाठी

दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, दोन्ही घरी ठिकाण कळवा. मग दिवसभर फोन वाजत नाही. दोघांची ओळखपत्रं जवळ ठेवा, मुक्कामी मागतात. आणि रोज एक तास असा ठेवा की एकानं बाहेर खुर्ची टाकून बसावं, दुसऱ्यानं आत एकटं असावं. एवढ्याशा जागेत चोवीस तास सोबत राहताना नव्या नवरीलाच काय, कुणालाही थोडा एकांत लागतो, आणि तो मागितला तर दुसऱ्यानं मनाला लावून घेऊ नये.

गाडी परत करताना पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी आणि संडासाची पेटी रिकामी करून, आतून पुसून द्या. घेताना काढलेले फोटो आणि व्हिडिओ मालकासमोर उघडून ओरखडे ताडून पाहा, आणि अनामत रक्कम कोणत्या तारखेला परत मिळणार ते लेखी घेऊनच किल्ली द्या.