किंग्ज कपला निघालात? मग या चुका तरी करू नका

थायलंडमधल्या फुकेत बेटावर शिडाच्या बोटींच्या शर्यती होतात, तिथे काताच्या किनाऱ्यावर दर डिसेंबरला आपल्याकडचा असा एक तरी क्रू दिसतोच. नवे कोरे हातमोजे, पाठीवर नाव छापलेले एकसारखे टी-शर्ट, गळ्यात गॉगलची दोरी. सेलिंग इन्स्ट्रक्शन्स, म्हणजे शर्यतीच्या लेखी सूचना, वाचल्या का, असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. पहिल्या वर्षी मीही यांच्यातलाच होतो, म्हणून तेव्हा गप्प बसायचो. आता पाच वाऱ्या झाल्यात आणि त्याच त्या चुका बघून डोकं फिरतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फुकेतची किंग्ज कप रेगाटा १९८७ साली थायलंडचे राजे भूमिबोल यांच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त सुरू झाली. त्यांचा जन्मदिवस ५ डिसेंबरचा, म्हणून शर्यतींचा आठवडा त्याच सुमाराला असतो. राजेसाहेब फोटोपुरते दर्यावर्दी नव्हते. डिंग्या, म्हणजे शिडाच्या छोट्या होड्या, स्वतःच्या हाताने बांधायचे, आणि १९६७ च्या आग्नेय आशियाई द्वीपकल्पीय स्पर्धेत ओके डिंगीच्या शर्यतीत त्यांनी मुलीबरोबर सुवर्णपदक वाटून घेतलं होतं. आम्ही मुंबईकर बेअरबोट वर्गात उतरतो. भाड्याची चाळीसेक फुटी क्रूझिंग बोट, आत फ्रीज, वर बिमिनी म्हणजे कापडी छत, खाली शेवाळ. अशा बोटीवर वेगाने कुणी फारसं जिंकत नाही. हरतात मात्र घाईने.

स्टार्ट म्हणजे रिक्षा स्टँड नव्हे

पाच मिनिटं आधी वर्गाचा झेंडा चढतो. चार मिनिटांना तयारीचा झेंडा, बहुतेक वेळा पी, म्हणजे निळ्यात पांढरा चौकोन. एक मिनिट उरलं की तो उतरतो. शून्याला वर्गाचा झेंडा खाली, की सुटायचं. इतकं सोपं आहे, आणि तरी निम्मे नवशिके भोंग्याची वाट बघत बसतात. वेळ झेंड्यावरून धरतात, आवाजावरून नाही. भोंगा वाजलाच नाही तरी स्टार्ट झालेलीच असते. शिवाय लाइन तीनशे मीटर लांब असेल आणि तुम्ही पलीकडच्या टोकाला असाल, तर आवाज तुमच्यापर्यंत जवळजवळ एक सेकंद उशिरा पोचतो.

दुसरी खोड म्हणजे लाइनवर जाऊन शिडं फडफडवत उभं राहणं. डिंगीत ते चालतं. सात-आठ टनांची बोट एकदा थांबली की पुन्हा वेग धरायला मिनिटभर घेते, आणि तेवढ्यात बाजूचे तुमच्या डोक्यावरून वारा खाऊन निघून गेलेले असतात. मग पुढच्या शर्यतीला हीच माणसं घाबरून जोरात येतात आणि लाइन आधीच ओलांडतात.

आमच्या दुसऱ्या वर्षी हेच झालं. आमच्या स्किपरचा स्वभाव रेल्वे फाटकाखालून स्कूटर काढणाऱ्याचा. शून्याच्या आधी दोन-तीन सेकंद नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, लाइनच्या पार गेली. पंचांच्या कमिटी बोटीवर एक्स झेंडा चढला, पांढऱ्यावर निळा क्रूस, म्हणजे कुणीतरी आधी सुटलंय. मी पुढून ओरडलो, "दादा, आपणच आहोत!" दादा म्हणाले, "अरे, तो शेजारचा असेल. चल पुढे." परत फिरून, लाइनच्या मागे जाऊन पुन्हा सुटायला आम्हाला फार तर तीन मिनिटं लागली असती. त्याऐवजी आम्ही पावणेतीन तास जिवाच्या आकांताने बोट हाकली, तिसरे आलो, एकमेकांना मिठ्या मारल्या. संध्याकाळी निकालाच्या कागदावर आमच्या नावापुढे तीन अक्षरं होती: ओसीएस, म्हणजे स्टार्टला लाइनच्या पलीकडे. वर्गात नऊ बोटी, म्हणजे गुण दहा, शेवटच्यापेक्षाही एक जास्त. ज्याचे गुण कमी तो जिंकतो, हे त्या रात्री आमच्यातल्या एकाला पहिल्यांदा कळलं.

तेव्हापासून मी एकच पद्धत वापरतो. जुनी आहे, १९३० च्या दशकात अमेरिका कप तीनदा राखणाऱ्या हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांच्या नावाने ओळखली जाते. लाइनवरून उलट दिशेला, तिच्याकडे पाठ करून निघायचं. त्या क्षणी उरलेला वेळ बघायचा, त्यात वळायला लागणारा वेळ मिळवायचा आणि दोनाने भागायचं. समजा दीडशे सेकंद उरलेत आणि तुमची बोट वळायला वीस घेते. एकशे सत्तरचे निम्मे पंच्याऐंशी. घड्याळात पंच्याऐंशी दिसले की वळायला घ्या. वळून होईपर्यंत पासष्ट उरतात, आणि तुम्ही आलात तेही पासष्टच. वाऱ्यावर चढताना भाड्याची बोट रडतखडत येते, म्हणून मी आणखी पाच सेकंद पदरचे धरतो. जाताना तुम्ही पोर्टवर असता, म्हणजे वारा डावीकडून, तेव्हा स्टारबोर्डवाल्यांना, म्हणजे उजवीकडून वारा घेणाऱ्यांना, वाट द्यायची. येताना तुम्ही स्टारबोर्डवर, तेव्हा बाकीचे बघतील.

वळायला वीस सेकंद लागतात हे कळायचं कसं? सरावाच्या दिवशी सहा वेळा वळून, घड्याळ लावून. मी आकडा मार्करने टेपवर लिहून सुकाणूच्या चाकाजवळ चिकटवतो. लोक सरावाच्या दिवशी सेल्फी काढतात.

बारीकसारीक

पाणी प्या. तहान लागायच्या आधी प्या. डोकं दुखायला लागल्यावर नारळपाणी शोधून उपयोग नाही.

उलटीची गोळी बोटीत चढायच्या तासभर आधी घ्यायची असते, पोटात ढवळल्यावर नाही. आणि ती आदल्या दिवशी घरी घेऊन बघा. काहींना त्या गोळीने अशी झोप येते की दोर ओढायच्या विंचवर मान टाकून घोरतात.

तेलकट सनस्क्रीन लावून डेकवर बसू नका. पुढचा माणूस तुमच्या मांडीच्या ठशावरून घसरतो. थायलंडच्या सागरी उद्यानांत ऑक्सिबेन्झोनसारखी चार रसायनं असलेल्या सनस्क्रीनला २०२१ पासून बंदीही आहे, कारण ती प्रवाळाला मारक ठरतात. मी लांब बाह्यांचा शर्ट घालतो आणि फक्त नाकाला झिंक फासतो. भूत दिसतो, पण सोलून निघत नाही.

फुगणारी लाइफजॅकेट नेत असाल तर तिच्या गॅस सिलिंडरसाठी विमान कंपनीची परवानगी आधी लेखी घ्या. सिक्युरिटीवाल्याशी काउंटरवर वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं मी पाहिलेलं नाही.

ई-सिगारेट घरी ठेवा, तिथे ती बेकायदा आहे.

डोंगराच्या कडेने जवळचा रस्ता

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती हुशार माणसं करतात.

डिसेंबरात फुकेतला ईशान्य मोसमी वारा असतो. काता आहे फुकेत बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे हा वारा जमिनीवरून, डोंगर ओलांडून तुमच्याकडे येतो. ज्या टेकडीवर तो पंचेचाळीस मीटरचा पांढरा बुद्ध बसलाय, ती आणि तिच्या शेजारणी वाऱ्याच्या वाटेत उभ्या असतात. आपली मुंबईतली सवय नेमकी उलटी. दुपारी वायव्येचा खारा वारा समुद्रावरून एकसारखा येतो आणि आपण त्यालाच वारा समजतो. कातात तो खिंडीतून झोताने सुटतो, दोन मिनिटं बोट आडवी करतो आणि मग गायब होतो. डोंगराच्या पायथ्याशी तर तो असतच नाही, डोक्यावरून निघून जातो आणि पाण्याला लांब बाहेर जाऊन टेकतो.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. दक्षिणेच्या बेटांना वळसा घालून परत काताला यायचं होतं. फुकेतच्या दक्षिण टोकाचं प्रॉमथेपचं भूशिर ओलांडेपर्यंत आम्ही दुसरे होतो, वारा पंधरा-सोळा नॉट. पुढची बोट डावीकडे, खुल्या समुद्राकडे निघाली. आमच्या नॅव्हिगेटरने टॅबलेटवर बोटाने रेघ ओढून दाखवलं की कडेकडेने गेलो तर अर्धा मैल वाचतो. अर्धा मैल! सगळ्यांचे डोळे चमकले. मी त्या वर्षी सुकाणूवर होतो, म्हणजे दोष माझाच.

नाय हार्नच्या कड्याखाली शिरलो आणि वारा असा बंद झाला की कुणी पंख्याचं बटण दाबलं असावं. मेनसेल, म्हणजे मोठं शीड, लोंबायला लागलं. त्याच्या खालचा दांडा, बूम, या बाजूला एकदा, त्या बाजूला एकदा, कर्र, कर्र. घामाची धार पाठीवरून कमरेत उतरली. पाच मिनिटांनी माझं लक्ष पाण्याकडे गेलं. एक नारळाची करवंटी बोटीच्या शेजारी तरंगत होती, आमच्याच वेगाने. आम्ही पाण्याच्या मानाने स्थिर होतो आणि पाणी चाललं होतं मागे. भूशिरावरचा दीपस्तंभ आणि त्याच्यामागची झाडी बघितली. मघाशी उघडी पडलेली झाडी पुन्हा दीपस्तंभाआड जात होती.

बोटीवर वर्सोव्याचा एक कोळी पोरगा होता, आम्ही त्याला नाखवा म्हणायचो. रेगाटा त्याची पहिलीच, पण समुद्र त्याच्या आजोबांपासूनचा. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "नांगर टाकायचा ना, दादा. कशाला मागे जाताय फुकट?"

सगळे हसले. शर्यतीत नांगर? नॅव्हिगेटर म्हणाला, डिस्क्वालिफाय होऊ. होत नाही! नियमात नांगर टाकायला मुभा आहे, फक्त पुन्हा निघण्याआधी तो वर काढायचा असतो. पण तेव्हा आमच्यापैकी एकालाही हे छातीठोक माहीत नव्हतं. नियमपुस्तक खाली केबिनमध्ये बिस्किटांच्या पिशवीखाली होतं. ते सापडून, पान सापडून, नांगर मोकळा होईपर्यंत आम्ही भूशिराच्या पुन्हा अलीकडे आलो होतो. बाहेरून गेलेल्या पाच बोटी एकेक करून आमच्या पुढून गेल्या, सगळ्यांची शिडं भरलेली. नाखवा शांतपणे कलिंगड कापत होता.

आता मी काय करतो ते सांगतो. सकाळी निघायच्या आधी भरती-ओहोटीच्या वेळा तळहातावर लिहितो, पेनाने. तिथे उधाणाचा फरक अडीच मीटरच्या आसपास असतो, आपल्या बंदरातल्या साडेचार-पाचच्या निम्मा. म्हणून आपली माणसं त्याला मोजतच नाहीत. वारा पडला की तो अडीच मीटरही पुरतो. कड्यापासून निदान एक मैल लांब राहतो, मग टॅबलेट काही का सांगेना. पाण्यावरचा काळपट, खवल्यांसारखा पट्टा दिसला तर तिथे वारा आहे, आरशासारखं पाणी दिसलं तर नाही. यासाठी कुठलं ॲप लागत नाही, गॉगल पुसलेला लागतो. आणि नाळेवर एक छोटा नांगर लांब दोरासकट तयार ठेवतो. बोटीबरोबर येणारा साखळीचा नांगर विंडलासने, म्हणजे साखळी ओढणाऱ्या यंत्राने, विजेवर चालतो आणि तो सोडायला-काढायला सगळा गाव जमवावा लागतो.

बोट ताब्यात घेताना

ज्याच्याकडून बोट घेता तो माणूस गोड बोलतो आणि घाईत असतो. तुम्ही घाईत असू नका. प्रत्येक ओरखड्याचा, प्रत्येक वाकलेल्या स्टँचनचा, म्हणजे कठड्याच्या खांबाचा, फोटो काढा. शिडं पूर्ण उघडून बघा, कडेची शिवण बोटांनी चाचपा. एका वर्षी आमच्या जिबची, म्हणजे पुढच्या शिडाची, मागची कड हातभर उसवलेली निघाली, आणि ती आम्हीच फाडली असं परतताना आम्हाला ऐकवण्यात आलं. फोटो नव्हता. डिपॉझिटमधून गेले.

पाण्याच्या टाक्या काठोकाठ भरून शर्यतीला जाणारेही पाहिलेत. एक लिटर पाणी एक किलो. चारशे लिटरची टाकी म्हणजे पाच माणसं, जी हाइकिंगला, म्हणजे बोट सरळ ठेवायला वाऱ्याच्या बाजूच्या काठावर, बसत नाहीत. प्यायचं पाणी बाटल्यांत घ्या आणि टाकी अर्ध्याखाली ठेवा. नियमात किमान साठा सांगितला असेल तर तेवढा ठेवा, पण तो वाचून ठेवा.

पार्ट्यांबद्दल

रोज रात्री पार्टी असते, आणि चांगली असते. पहिल्या रात्री सगळं संपवू नका. मंगळवारपर्यंत अर्धे क्रू जिवंत प्रेतं झालेले असतात. आमच्याकडे नियम आहे: नाळेवर काम करणारा आणि सुकाणूवाला दहाला झोपणार. बाकीच्यांनी काय वाट्टेल ते करावं, पण सकाळी आम्हाला बोटीपर्यंत नेणारी लाँगटेल होडी किनाऱ्यावरून सुटेल तेव्हा तिच्यात बसलेलं असावं. एकदा एकाला खरंच सोडून गेलो. त्यानंतर कुणाला उशीर झाला नाही.

प्रोटेस्ट

प्रोटेस्ट म्हणजे नियम मोडणाऱ्या बोटीविरुद्धची तक्रार. समोरच्याने तुमचा वाटेचा हक्क तुडवला असेल तर लगेच "प्रोटेस्ट" ओरडायचं आणि लगेच लाल झेंडा लावायचा. संध्याकाळी बिअरच्या टेबलावर त्याला सुनावणं म्हणजे प्रोटेस्ट नाही. मी लाल झेंडा मागच्या रेलिंगला गुंडाळून, कपड्याच्या चिमट्याने अडकवून ठेवतो. चिमटा काढला की झेंडा मोकळा. आणि चूक तुमची असेल तर शिक्षा म्हणून बोटीला दोन गोल फेऱ्या मारा, मार्कला, म्हणजे वळसा घालायच्या खुणेच्या बोयाला, धक्का लागला असेल तर एक, आणि पुढे चला. कमिटीसमोर खोटं बोलणारे पकडले जातात आणि आठवडाभर कुणी त्यांच्याशी बोलत नाही.

राहता राहिला मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: बूट कुठले घ्यायचे? घरात आहेत ते. फक्त तळ काळा नको. काळ्या रबराचे पट्टे पांढऱ्या डेकवरून निघत नाहीत, आणि शनिवारी पदकं वाटली जात असताना तुम्ही गुडघ्यांवर बसून ब्रश मारत असता.