मृगाआधी डुकरांना स्वाइन फीवरची लस टोचून घ्यावी

मृगाचा पाऊस सुरू झाला की वाड्यापर्यंतची वाट चिखलात जाते, वीज तासन्‌तास नसते आणि लस थंड ठेवणे अवघड होते; म्हणून वराहपालकांनी क्लासिकल स्वाइन फीवरचे लसीकरण मेअखेरपर्यंत उरकून घ्यावे. हा रोग माणसाला होत नाही, पण कळपात शिरला की डुकरांना १०५ ते १०७ अंश फॅरनहाइट ताप चढतो, ती कोपऱ्यात एकमेकांवर रेलून पडून राहतात, मागचे पाय लटपटतात, कान व पोटाची कातडी जांभळी पडते, आणि मग या विषाणूवर कोणतेही औषध चालत नाही.

लस टोचूनही डुकरे दगावली अशी तक्रार येते, तेव्हा दोष बहुधा हाताळणीचा असतो. या लसीत क्षीण केलेला जिवंत विषाणू असतो. उकाड्याने तो मेला तर टोचले ते नुसते पाणीच. बाटली बर्फाच्या पेटीतूनच आणावी, सोबत आलेल्या थंड द्रावणात सकाळच्या गारव्यात विरघळवावी आणि तास-दोन तासांत संपवावी. उरलेले डोस दुपारसाठी ठेवण्याचा मोह होतो, तो टाळावा. सुई व सिरिंज स्पिरिटने पुसू नये, कारण त्याचा अंश राहिला तरी लसीतला विषाणू मरतो. दोन्ही पाण्यात उकळून पूर्ण थंड करावीत. लस कानामागे मानेच्या स्नायूत टोचावी, आणि मोठ्या जनावराला आखूड सुई वापरू नये, नाहीतर लस चरबीतच राहते. दर डुकराला वेगळी सुई घ्यावी.

लस टोचलेल्या मादीच्या चिकातून पिल्लांना जे संरक्षण मिळते तेच लहान वयात लसीला निष्प्रभ करते, त्यामुळे अशा पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांनी टोचावे. मादीला लस दिलेली नसेल तर पशुवैद्यकाला विचारून पिल्लांना त्याआधी द्यावी. पुढे दरवर्षी लस द्यावी, माद्यांना शक्यतो फळवण्यापूर्वी. तापाचे किंवा जंतांनी खंगलेले जनावर आधी बरे करावे. बाजारातून आणलेली डुकरे महिनाभर वेगळी बांधावीत, आणि हॉटेलचे उरलेले अन्न चांगले उकळल्याशिवाय घालू नये, कारण मांसाच्या तुकड्यांतून हा विषाणू येतो.

आफ्रिकन स्वाइन फीवर हा वेगळा रोग आहे. तो भारतात २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात प्रथम आढळला. त्याची लक्षणे अशीच दिसतात, मात्र ही लस त्यावर चालत नाही आणि निदान प्रयोगशाळेतच होते. म्हणून एकाएकी डुकरे मरू लागली तर मांस विकू नये, मेलेली जनावरे ओढ्यात टाकू नयेत, कळप बाहेर हलवू नये, आणि त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे.