एफएम स्टिरिओ: खरंच फरक पडतो का, घरीच तपासा

स्टिरिओत डावा आणि उजवा आवाज वेगवेगळा येतो, मोनोत दोन्हीकडे एकच. म्हणून एकच स्पीकर असलेल्या रेडिओवर स्टिरिओ ऐकूच येत नाही. तिथे हा विचार सोडा. दोन स्पीकर असतील तर ते दीड-दोन मीटर अंतरावर ठेवा आणि तेवढ्याच अंतरावर समोर बसा. गाणं सुरू असताना मोनो-स्टिरिओ बटण फिरवून पाहा. निवेदन, बातम्या यांत फरक जाणवणार नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर सुरू असेल तर गाण्यातलाही बराचसा बुडतो, म्हणून चाचणी कूलर बंद करून किंवा हेडफोन लावून घ्या.

स्टिरिओत खरखर वाढली तर सिग्नल कमी पडतोय. डाव्या-उजव्या आवाजातला फरक ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर (मूळ आवाजासोबत पाठवलेल्या, त्याहून वरच्या वारंवारितेच्या लहरीवर) येतो आणि एफएममध्ये वरच्या वारंवारितेला गोंगाट जास्त असतो. त्यामुळे नागपूरपासून दूर, काटोल, उमरेडकडे मोनोत स्वच्छ लागणारं केंद्र स्टिरिओत खरखरतं.

आधी अँटेना सुधारा. प्रत्येकी ७५ सेंटीमीटरच्या दोन तारा एका रेषेत ताणा, मधल्या टोकांना ७५ ओहमची केबल जोडा: एका तारेला केबलचा गाभा (मधली तार), दुसरीला त्याभोवतीची धातूची जाळी. खिडकीजवळ आडवी-उभी फिरवून पाहा. लोखंडी ग्रिल आणि टिनाच्या छपरापासून मात्र दूर. तरीही खरखर राहिली तर बिनधास्त मोनो लावा. स्वच्छ मोनो खरखरत्या स्टिरिओपेक्षा केव्हाही चांगला.