एकदाच सांगा, मग शब्द पाळा

गेल्या रविवारी ठाण्यात तलावपाळीवर माझा साडेचार वर्षांचा नातू फुटपाथवरच लोळण घेऊन रडायला लागला. दिवा लावलेला फुगा हवा होता. घरातून निघतानाच ठरलं होतं, एक फेरी बोटीची, एक कणीस आणि घरी. दोन्ही झालं होतं.

मी शेजारी उकिडवी बसले. "फुगा आवडलाय ना तुला? छान आहेच. आज घ्यायचा नाही." एवढंच बोलले. आपण इथेच चुकतो, समजावत सुटतो. रडणाऱ्या मुलाच्या कानात भाषण शिरत नाही. एक हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि गप्प राहिले. जाणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "द्या हो घेऊन, लहान आहे." त्यांचा जीव कळवळला, पण त्या क्षणी मी फुगा घेतला असता तर रडलं की मिळतं हे तो तिथेच शिकला असता. सात-आठ मिनिटांनी हुंदके थांबले, त्याने हात पुढे केला. आम्ही राममारुती रोडने चालत घरी आलो. वाटेत फुग्याचा विषय मी काढला नाही. झालं ते झालं, पुन्हा टोचायचं नाही.

नौपाड्यात एकोणीस वर्षं बालवाडी चालवली, त्यातून हे हाताला लागलंय. "पळू नकोस"पेक्षा "माझा हात धर" म्हणा. काय करायचं ते मुलाला लगेच कळतं. दात घासायचेच असतील तर "घासतोस का?" विचारू नका. "आधी दात घासायचे की आधी कपडे बदलायचे?" असं विचारा. पाणी सांडलं तर फडकं त्याच्याच हातात द्या. गाडी फेकून मारली तर ती उद्या सकाळपर्यंत कपाटावर. सकाळी मात्र न मागता परत द्यायची, आपलाही शब्द आहे. मूल भुकेलं किंवा झोपेला आलं असेल तर आधी वरणभात, शिस्त नंतर.

"पोलिसाला देईन" कधीही म्हणू नका. ठाणे स्टेशनच्या गर्दीत उद्या हात सुटला तर त्याने खाकी वर्दीकडेच धावायला हवं. आपण त्याच माणसाचा बागुलबुवा करून ठेवतो.

आईने मोबाइल बंद केला आणि आजोबांनी हळूच दिला, असंही चालत नाही. आमच्याकडे यावरून खूप बोलणी झाली. शेवटी ठरलं, मतभेद स्वयंपाकघरात, मुलासमोर एकच उत्तर.

आणि हात उगारणं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला बंदी आहे. घरात मात्र आपल्याला अडवणारं कुणी नसतं. लेक दुसरीत असताना गृहपाठावरून मी तिच्या गालावर चापट मारली होती. ती रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. अर्ध्या तासाने तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "मी मारलं, ते चुकलं. पुन्हा मारणार नाही. गृहपाठ मात्र करायचा आहे." तिने वही उघडली. पाढा संपेपर्यंत मी तिच्याजवळून उठले नाही.