अर्ली डिसिजन भरण्याआधी ही पीडीएफ उघडा

अमेरिकेतल्या कॉलेजला अर्ली डिसिजन (एकाच कॉलेजला लवकर करायचा अर्ज, प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं) भरायचं, पण चान्स किती ते कळत नाही?

१. कॉलेजचं नाव आणि ‘कॉमन डेटा सेट’ (कॉलेजने ठराविक नमुन्यात दिलेली प्रवेशाची आकडेवारी) असं शोधा. बहुतेक कॉलेजांची पीडीएफ मिळते.

२. त्या पीडीएफच्या सी२१ (C21) विभागात अर्ली डिसिजनचे अर्ज आणि प्रवेश, दोन्ही आकडे असतात. टक्केवारी काढा. कॉलेजने संघासाठी निवडलेल्या खेळाडूंचे प्रवेशही त्यातच धरलेले असतात, म्हणून हुरळून जाऊ नका.

३. सी७ (C7) च्या तक्त्यात ‘ॲप्लिकंट्स इंटरेस्ट’ची, म्हणजे मुलाने कॉलेजमध्ये दाखवलेल्या रसाला किती महत्त्व आहे याची ओळ बघा. खूण ‘नॉट कन्सिडर्ड’वर असेल तर मेलवर मेल पाठवणं सोडा, निबंधावर बसा. ‘इम्पॉर्टंट’वर असेल तर ऑनलाइन माहितीसत्राला मुलाच्याच ईमेलने नाव नोंदवा, आई-बाबांच्या नको! निबंधात आवडलेला कोर्स नावानिशी लिहा.

अर्ली डिसिजन बंधनकारक असतं, फीचा हिशेब आधी पक्का करा.